सतरा नंबरचा बिल्ला

आधी अंकलचं सांगते, मग काय झालं ते. उलटं सांगितलं की लोक स्फोटाचंच विचारत बसतात, आवाज किती मोठा झाला, काचा कुठपर्यंत उडाल्या, आणि अंकल बाजूला राहतात. आमच्या कंपनीच्या फाईलमध्ये तेच झालंय. मला इथे तसं करायचं नाही.

तर मला मदत केली ती अंकलनी. मी आज चार ओळी नीट लिहू शकते ते त्यांच्यामुळे. माझी नोकरी आहे ती त्यांच्यामुळे. आणि त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, एक जिना चढताना तीनदा थांबावं लागतं, ते माझ्यामुळे.

कंपनीत सगळे त्यांना अंकलच म्हणायचे, साहेबसुद्धा. ठाण्याच्या खाडीकडच्या एका जुन्या गावठाणातले ते ख्रिश्चन, पिढ्यानपिढ्या तिथलेच. घरी बायकोशी फोनवर बोलताना त्यांची मराठी वेगळीच व्हायची, मऊ, पाण्याकाठची. आमच्याशी मात्र डोंबिवलीसारखं बोलायचे. उंच, थोडे वाकलेले, दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. एक बंद पडलं तर दुसरं आहे. खिशाला दोन पेनं, पिशवीत दोन चष्मे, आणि डब्यात नेहमी एक पोळी जास्त, ती संध्याकाळपर्यंत तशीच राहायची आणि मग गेटवरच्या कुत्रीला मिळायची. पोरं त्यांना पाठीमागे चित्रगुप्त म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा चहाला सगळे जमलेले असताना ते शांतपणे म्हणाले, की चित्रगुप्ताकडे वहीची एकच प्रत आहे, ती जळली तर तो काय करणार, हे कुणीतरी विचारून या.

आमची कंपनी म्हणजे डोंबिवली एमआयडीसीतली एक लांबट शेड. किडनी गेलेल्या माणसांचं रक्त मशीनवर साफ करतात, त्या मशीनला लागणारं पाणी आम्ही बनवतो. पाणी म्हणजे औषधी द्रावण, पण शेडमध्ये सगळे पाणीच म्हणतात. पांढरे दहा लिटरचे कॅन, सेंटरच्या मशीनप्रमाणे कुणाला लाल झाकण, कुणाला निळं. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, इकडे दिवा गावापर्यंतची छोटी छोटी सेंटर आमच्या टेम्पोवर चालतात. मोठी हॉस्पिटलं पंधरा दिवसांचा साठा करतात, या छोट्यांकडे ठेवायला जागाच नसते. आमचा टेम्पो दोन दिवस गेला नाही, तर तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पायाला सूज येणार, कुणाला तरी आडवं पडून श्वास घेता येणार नाही. हे मला अंकलनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मुळातच भित्री. आमचं गाव किनवटच्याही आत, तिथून लग्न होऊन मी थेट दिव्यात आले. एमआयडीसीतला वास, कधी गोडसर, कधी कुजल्यासारखा, तो आला की मी श्वास धरून चालायची. त्यात हे एक नवीन, की माझ्या हातून एखादा कॅन चुकला तर कुणाचा तरी जीव.

अंकल नक्की काय काम करतात हे मला बरेच दिवस कळलं नाही. ते मशीन चालवत नव्हते, बिलं करत नव्हते, माल बघत नव्हते. दिवसभर शेडमध्ये फिरायचे आणि एखाद्या वस्तूपाशी थांबून बोट दाखवायचे. "हे गेलं तर?"

मोटर गेली तर. लाईट गेली तर. कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे तोच गावाला गेला तर. सांगणाऱ्याने उत्तर दिलं की पुढचा प्रश्न यायचा, आणि तेही गेलं तर? तिसऱ्या 'तर'ला माणूस वैतागायचा. मग ते खिशातून छोटी डायरी काढून लिहायचे आणि पुढे सरकायचे. कंपनी बुडू नये म्हणून साहेबांनी त्यांना ठेवलेलं, एवढंच काय ते खरं.

साहेब आणि त्यांचा मुलगा, दोघांनी एका गाडीतून यायचं नाही, असा अंकलचा नियम होता. दोघंही एकाच अपघातात गेले तर चेकवर सही कोण करणार? मुलगा बिचारा मागून रिक्षाने यायचा. अकाउंटच्या मुलीच्या लग्नात सगळे जेवायला बसलेले असताना अंकल आचाऱ्याजवळ उभे होते. भरलेला सिलिंडर आणखी एक आहे का, आणि तो कुठे ठेवलाय, हे विचारत होते. घरी निघताना ते कधी 'उद्या भेटू' म्हणाले नाहीत. म्हणायचे, "उद्या, असेल तर." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग सवय झाली. तरी रोज संध्याकाळी ते शब्द ऐकून मी घरी जाताना दोनदा मागे वळून शेडकडे बघायची.

कॉम्प्युटरमधलं सगळं ते एका डब्यात भरून घरी न्यायचे. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेली डिस्क. असे दोन डबे होते. एक घरी असला की दुसरा कंपनीत. महिन्यातून एकदा ते कॉम्प्युटरवाल्या मुलाला म्हणायचे, या डब्यातून मागच्या शुक्रवारची उल्हासनगरची ऑर्डर काढून दाखव. एकदा निघाली नाही. डिस्क होती, आत काहीच नव्हतं. तो मुलगा म्हणाला, अंकल, मी तर रोज ठेवत होतो. अंकल रागावले नाहीत. म्हणाले, "ठेवलं म्हणजे आहे असं नाही रे. परत आलं तर आहे."

हे वाक्य मला पुढे फार जड गेलं.

असे ते का झाले, हे त्यांनी एकदाच सांगितलं. आधी ते दुसऱ्या एका कारखान्यात होते. तिथे एका पावसाळ्यात पाणी शिरलं, वह्या, मशीन, सगळं भिजलं. पाणी तर दोन दिवसांत ओसरलं. पण कोणाला माल द्यायचा, कोणाकडून पैसे यायचे, पहिलं मशीन कोणतं चालू करायचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. जाणकार माणूस एकच, तो आजारी पडला. कामगार महिनाभर रोज सकाळी डबा घेऊन गेटवर येऊन उभे राहायचे आणि दुपारी डबा खाऊन घरी जायचे. मग एकेक जण यायचा थांबला. ते डबे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत, एवढं बोलून अंकल उठले.

आता माझं. सेंटरप्रमाणे कॅन मोजून टेम्पो भरून द्यायचं काम माझं. आमच्या गावात शाळा आठवीपर्यंत. पुढची पैनगंगेच्या पलीकडे, आणि आई आजारी. मी आठवीनंतर शाळा सोडली. नोकरीच्या फॉर्मवर मात्र दहावी पास लिहिलेलं. म्हणजे रोज कंपनीत पाऊल टाकताना एक भीती असायचीच, आज कळणार.

एका मंगळवारी सकाळी अंकल माझ्या टेबलापाशी आले. खिशातून लाल नॅपकिन काढला, माझ्या चलनांवर घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "आज तू नाहीस."

मला वाटलं, कळलं. दहावीचं कळलं. मी रडायलाच लागले. त्यांनी मला गेटजवळच्या स्टुलावर नेऊन बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की तोंड उघडायचं नाही, कुणी काही विचारलं तरी. मेलेली माणसं बोलत नाहीत. तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं की हा त्यांचा खेळ आहे, महिन्यातून एकदा ते कुणाला तरी असं 'नाहीसं' करतात आणि बाकीच्यांना त्याचं काम करायला लावतात. माझ्या आधी एकदा साहेबांनाच त्या स्टुलावर बसवलेलं म्हणे.

टेम्पो लागला. सुपरवायझर म्हणाला, कॅन उचलायला काय डोकं लागतं, मी लावतो. लावले त्याने. मग अंकलनी टेम्पोच्या मागे उभं राहून विचारलं, यात निळ्या झाकणाचे आठ कुठे उतरणार? तो कॉम्प्युटरवर बघून आला. अंकल म्हणाले, त्या सेंटरचं जुनं मशीन बंद पडून महिना झाला, त्यांना आता लाल लागतात, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? कल्याणच्या सेंटरला मागच्या गल्लीतून जावं लागतं म्हणून त्यांचे कॅन दाराशी हवेत. अमुक ठिकाणचा वॉचमन दहाच्या आत गेट उघडत नाही. यातलं काही कुठे लिहिलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात होतं, आणि मी स्टुलावर बसून थंड चहाकडे बघत होते. ड्रायव्हर दोनदा येऊन म्हणाला, ताई, मान तरी हलवा. मी नाही हलवली.

एक वाजता अंकलनी नॅपकिन उचलला. "आता तू आहेस. भर."

मग मला साहेबांसमोर नेलं. साहेबांना म्हणाले, कॉम्प्युटरची प्रत दोन ठिकाणी आहे, मोटर दोन आहेत, ही मात्र एकच आहे. हिला ताप आला तर आपण बंद. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, सगळं लिहून काढ.

कौतुकच होतं ते. पण लिहायचं कसं? मोडक्या अक्षरांत, काना नाही मात्रा नाही असं लिहिलं की दहावी पास उघडी पडणार. चार दिवस मी उद्या लिहिते, उद्या लिहिते करत राहिले. पाचव्या दिवशी अंकलनी मला एक वही आणून दिली. दुरेघी. पहिली-दुसरीच्या पोरांची असते तशी. म्हणाले, मोठं लिही, एका ओळीत चार-पाचच शब्द. धुरात, अंधारात, घाबरलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे. शब्द आला नाही तर चित्र काढ.

त्यांनी मला काही विचारलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत समोर बसायचे, मी लिहिलेलं मोठ्याने वाचायचे आणि जिथे अडखळतील तिथे म्हणायचे, इथे मी घाबरलेला माणूस आहे, मला कळलं नाही, परत लिही. शुद्धलेखन चुकलं असं एकदाही म्हणाले नाहीत. चार महिन्यांत वही झाली. मी कितीला कुठे असते, काय मोजते, कोणाला फोन करते, सगळं. एका पानावर होतं: 'दहा वाजता मागच्या भिंतीकडे. निळी झाकणं मोजायची.' त्या पानावर मी भिंत काढलेली, आणि भिंतीजवळ एक छोटी बाई, वेणीवाली. ते चित्र बघून अंकल खूप वेळ हसले. वहीच्या दोन प्रती झाल्या. एक माझ्या टेबलात, एक ठाण्याला.

ठाण्याला म्हणजे वागळे इस्टेटकडे आमच्यासारखंच पाणी बनवणारी दुसरी एक कंपनी आहे. खरं तर आमचे स्पर्धक. अंकलनी दोन्ही साहेबांना समोरासमोर बसवून कागद करून घेतलेला, की एकाची शेड बंद पडली तर दुसऱ्याने आपली रात्रपाळी त्याला द्यायची. तिथल्या एका कपाटात आमचे रिकामे कॅन, झाकणं, शिक्के आणि माझी वही होती. आमच्याकडची पोरं म्हणायची, चित्रगुप्ताने शत्रूच्या घरात आपलं अंथरूण घालून ठेवलंय.

आता बिल्ल्यांचं सांगते. इथपर्यंत आले की माझा हात थांबतो.

गेटच्या आत भिंतीला एक लाकडी फळा होता. त्यावर खिळ्यांच्या दोन रांगा, एकीवर लिहिलेलं 'आत', दुसरीवर 'बाहेर'. प्रत्येकाचा नंबर घातलेला पितळी बिल्ला. आत आलं की आपला बिल्ला आतच्या खिळ्यावर, जाताना बाहेरच्या. एक नंबर अंकलचा, माझा सतरा. आग लागली तर फळा उचलायचा, चौकातल्या बंद पडलेल्या वजनकाट्याजवळ जायचं आणि माणसं मोजायची. जेवढे बिल्ले आत, तेवढी माणसं काट्याजवळ. दर दोन महिन्यांनी भोंगा वाजवून ते आम्हाला बाहेर काढायचे आणि सगळ्यांकडून एक वाक्य म्हणून घ्यायचे, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं: बाहेर आलेला माणूस आत जात नाही.

फळा चांगला चालला होता. मग सुपरवायझरला वाटलं, हजेरीला वेगळं रजिस्टर कशाला, फळा आहेच. नऊ वाजून दहा मिनिटं झाली की तो फळ्यासमोर उभा राहून ज्यांचे बिल्ले बाहेर त्यांना लेट मार्क लावायला लागला. तीन लेट मार्कला अर्धा दिवस. अंकल त्याच्याशी भांडले, साहेबांपर्यंत गेले. त्यांचं म्हणणं मला अजून पाठ आहे. "हा फळा मोजणीचा आहे, हजेरीचा नाही. हजेरीला माणूस खोटं बोलतो." साहेब म्हणाले, अंकल, एवढ्याशा गोष्टीला दोन-दोन फळे कशाला? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना दोन गोष्टी ठेवू दिल्या नाहीत.

आणि आम्ही खोटं बोलायला लागलो. आपल्याला उशीर होणार असेल तर मैत्रिणीला फोन, माझा बिल्ला सरकव गं. अंकलनी एकदा एकाला पकडलं, तेव्हा ते ओरडलेसुद्धा नाहीत. नुसते त्याचा बिल्ला हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, हा तू आहेस, कळतंय का तुला?

त्या दिवशी दिव्याला आमच्या चाळीत नळाला पाणी येऊन चार दिवस झालेले. सकाळी टँकर येणार होता, तो साडेआठला आला. मिस्टर रात्रपाळी करून येऊन झोपलेले. रांगेत माझ्यापुढे अकरा बायका. माझे दोन लेट मार्क आधीच लागलेले. मी फिलिंगवरच्या माझ्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, सरकवते, तू ये आरामात.

एमआयडीसीच्या वळणावर रिक्षातून उतरले तेव्हा दहा वाजून गेलेले. चार पावलं चालले असेन नसेन, आणि पायाखालची जमीन धक्का दिल्यासारखी हलली. आवाज नंतर आला. मग काचा पडायचा आवाज, खूप वेळ, जणू कुणी भांड्यांची मांडणी ओढून पाडतंय आणि ती संपतच नाही. आमच्या शेडच्या मागच्या प्लॉटवरच्या कारखान्यातून धूर येत होता, पिवळट. समोरून माणसं पळत येत होती, आणि मी त्यांच्या उलट, शेडकडे चाललेले. का ते माहीत नाही. घाबरलेला माणूस सवयीच्या जागी जातो, असं अंकल म्हणायचे.

पुढचं मैत्रिणीने सांगितलेलं. भोंगा वाजायच्या आधीच सगळे बाहेर पडलेले, इतकी सवय होती. अंकलनी फळा काखेत मारला, काट्याला टेकवला आणि नंबर पुकारायला लागले. आत तेवीस बिल्ले. माणसं बावीस. त्यांनी परत मोजलं. सतरा, असं मोठ्याने ओरडले. कुणी बोललं नाही. त्यांनी मला फोन लावला, पण सगळ्यांचे फोन एकदम मुके झालेले. मैत्रीण त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती. बाजूला सुपरवायझर. बिल्ला मी सरकवला असं बोललं तर नोकरी जाणार, घरी दोन मुलं, हे तिच्या डोक्यात आलं. ती एवढंच म्हणते की मी फक्त एक मिनिट गप्प होते. त्या मिनिटात अंकलनी हातातल्या एका घड्याळात बघितलं. दहा वाजून बारा. आणि ते आत गेले.

ती ओरडली मग. ती आत नाहीये, अंकल, ती आलीच नाहीये. पण ते गेलेले.

ते थेट मागच्या भिंतीकडे गेले असणार. दहा वाजता, निळी झाकणं. मीच लिहून दिलेलं, मोठ्या अक्षरांत, चित्र काढून.

मी काट्यापाशी पोहोचले तर सगळे माझ्याकडे बघत राहिले. सुपरवायझरचा चेहरा पांढरा पडला. तो मला म्हणाला, "तू आत आहेस." मी म्हटलं, नाही. तो परत म्हणाला, तू आत आहेस, अंकल तुला आणायला गेलेत. तेवढ्यात दुसरा धडाका झाला आणि आमच्या शेडच्या मागच्या बाजूचे पत्रे कागदासारखे उठून खाली आले.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मला माझ्या हातातली पाण्याने भिजलेली ओढणी आठवते, मी ती पिळत होते, सारखी पिळत होते. मनात एकच चाललेलं, ठेवलं म्हणजे आहे असं नाही, परत आलं तर आहे. मग धुरातून ते दिसले. अंगभर पांढरी पावडर, एक बाही नाही, डाव्या कानातून मानेवर रक्त. खोकत होते. मला बघितलं. काट्याजवळ आले, फळ्यावरच्या माझ्या बिल्ल्यावर बोट ठेवलं, परत माझ्याकडे बघितलं.

"सतरा," म्हणाले. "झाले तेवीस."

आणि मगच खाली बसले.

हॉस्पिटलला नेताना रिक्षातून त्यांनी साहेबांना दोनच गोष्टी सांगितल्या. डबा घरी बायकोकडे आहे. आणि हिला ठाण्याला पाठवा.

दुपारी तीनला आम्ही नऊ जण ठाण्याच्या त्या शेडमध्ये होतो. कपाट उघडलं, वर माझी वही. मी घाबरलेलीच होते, तरी अक्षरं वाचता आली. मोठी होती ना. एका ओळीत चार-पाचच शब्द. मी वाचत गेले आणि त्यांची पोरं भरत गेली, लाल, निळं, कल्याणचे दाराशी. दिवेलागणीला पहिला टेम्पो सुटला. दुसऱ्या दिवशी एका सेंटरची सकाळची पाळी दोन तास उशिरा लागली, बस. एकही पेशंट परत गेला नाही. पाच महिने आम्ही तिथूनच काम केलं. डोंबिवलीतली ती शेड उभी राहीपर्यंत कुणालाही डबा घेऊन गेटवर उभं राहावं लागलं नाही.

पंधरा दिवसांनी अंकल कानाला पट्टी लावून ठाण्याला आले. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, सतरा नंबर आत कसा होता? मैत्रिणीने माझा हात धरला, तिची नखं रुतली. मी बोलणार होते. खरंच बोलणार होते, असं मी गेली दोन वर्षं स्वतःला सांगतेय. त्याआधी अंकलच म्हणाले, मी सरकवला. ती गेटमधून येताना दिसली असं मला वाटलं. म्हातारे डोळे.

सुपरवायझर खाली बघत होता. अहवाल अंकलनीच लिहिला, स्वतःच्या हाताने, दोन प्रतींत. त्यात ओळ आहे: 'फळा सांभाळणाऱ्याच्या चुकीमुळे मोजणी चुकली.' आणि खाली: 'यापुढे हजेरी वेगळी घ्यावी.' साहेबांनी लगेच मान्य केलं. त्यानंतर अंकल कामावर आले नाहीत. फुप्फुसं तेवढी राहिली नव्हती.

आता फळा मी सांभाळते. लाल नॅपकिनही माझ्याकडे आहे. दरवर्षी तपासणीला बाहेरचे लोक येतात, फाईल चाळतात, त्या ओळीवर थांबतात. साहेब सांगतात, आमचे एक वयस्कर गृहस्थ होते, चांगले होते, पण त्यांच्याकडून चूक झाली. मी चहा ठेवते आणि बाहेर येते. मैत्रीण अजून फिलिंगवर आहे. तिची धाकटी यंदा बारावीला.

महिन्या-दोन महिन्यांनी मी त्यांच्या गावठाणात जाते. गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे, तिथे ते संध्याकाळी दोन मेणबत्त्या लावतात, दोन वेगळ्या काडेपेट्यांनी. मागच्या वेळी मी ठरवूनच गेलेले की आज सांगायचं. ते खुर्चीत बसलेले. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले. मुद्दाम. आणि सगळं सांगितलं, टँकर, फोन, लेट मार्क, हळू आवाजात, त्या बंद कानात. ते समोर बघत होते. माझं बोलून झालं तेव्हा मला वाटलं, सुटले, आणि मग माझी मलाच शरम वाटली.

त्यांच्या बायकोने, मावशींनी, चहा आणला. अंकलनी कप घेतला, बशीत ओतला, एक घोट घेतला. मग सहज बोलावं तसं म्हणाले, "रिपोर्टमधलं पान कधी फाडायचं नसतं. चूक असली तर नवीन पान जोडायचं. खाली सही, तारीख."

एवढंच. मी निघाले तेव्हा श्वास घेत घेत दारापर्यंत आले. उद्या, असेल तर, म्हणाले.

त्या शब्दांची मला आता सगळ्यात जास्त भीती वाटते. फोन वाजला आणि त्यांच्या घरचा नंबर दिसला की मी तो लगेच उचलत नाही, आधी भिंतीला टेकते. हे सगळं लिहिलेलं मी मैत्रिणीला वाचून दाखवलं. तिने शेवटचं पान उलटं करून ठेवलं. मग म्हणाली, पोरीची बारावी होऊ दे.

अंकल, ते पान मी जोडणार आहे. मैत्रीण सोबत असो नसो, माझ्यापुरतं तरी मी लिहिणार आहे, की सतरा नंबर माझा होता आणि मी आत नव्हते. साहेबांसमोर, दोन प्रतींत, खाली सही आणि तारीख. तुम्ही असताना. दुरेघी पान घेईन, अक्षरं मोठी काढीन, घाबरलेल्या माणसालाही वाचता येतील अशी.